वर्षावासातले वाचन आणि आमची चूल

आषाढ पौर्णिमा आली की मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते आणि बायांच्या हातातले काम दुपटीने वाढते. २०२५ साली ही पौर्णिमा १० जुलैला आली. तिथपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे धम्माच्या अभ्यासाचे दिवस. भिक्षू या दिवसांत एका ठिकाणी थांबतात, कारण पावसात फिरले तर कोवळे पीक आणि जीवजंतू पायाखाली येतात. पण कामकरी बाईला थांबायची सोय नाही. तिची फिरती पावसाळ्यातच जास्त.

आम्ही दोघी जावा. थोरली सिडकोच्या एन-दोन भागात चार घरचा स्वयंपाक करते, धाकटी चिकलठाणा एमआयडीसीत पॅकिंगच्या कामावर आहे. आमच्याकडच्या पुष्कळ घरांची हीच कथा: एकीकडे सिडकोचे फ्लॅट, दुसरीकडे चिकलठाण्याचे कारखाने आणि मध्ये आम्ही. श्रावण लागला की फ्लॅटमधल्या मंडळींचे उपवास सुरू होतात. उपवास त्यांचा, पण काम स्वयंपाकिणीला. साबुदाणा वेगळा, भगर वेगळी आणि ज्यांचा उपवास नाही त्यांची पोळी-भाजी वेगळी. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, पंचामृत. मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. कारखान्यातही दिवाळीच्या मालाची घाई याच दिवसांत असते. ओव्हरटाइमला नाही म्हटले तर पुढच्या महिन्यात यादीत आपले नाव राहीलच असे नाही.

थोरलीने महालक्ष्म्यांच्या दिवशी दोन घरी मिळून सव्वाशे पुरणपोळ्या लाटल्या. घरी आल्यावर परातीकडे पाहून ती म्हणाली, “आज मला गोल काही दाखवू नका.” त्या रात्री आमच्याकडे खिचडी झाली.

विहारात वाचनाची वेळ रात्री आठची. पहिल्या आठवड्यात आम्ही रोज जायचे ठरवले होते. सात दिवसांत दोन दिवस जाणे झाले. इतर बायांचेही तसेच. तेव्हा एका बैठकीत कुणीतरी बोलून गेले, “आपल्या बायांना धम्माची गोडी राहिली नाही, मोबाइलची लागली आहे.” बोलणारे वडीलधारे. त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण आठ वाजता आमच्यातली एक दुसऱ्याच्या ओट्याशी उभी असते आणि दुसरी कंपनीच्या बसमध्ये, हे त्यांना कोणी सांगावे? ते वाक्य आम्हाला लागले.

गोडी असली की वेळ निघतो, असेही म्हणतात. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण देतात. लहानसे किराणा दुकान चालवता चालवता, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत त्या शिकल्या. पुढे त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले; ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पण हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले होते, ही गोष्ट उदाहरण देणारे बहुधा सांगत नाहीत. वेळ मिळणे ही एक गोष्ट आणि उघडपणे पुस्तक हातात धरता येणे ही दुसरी.

आम्ही ठरवले, जाणे होत नाही तर ग्रंथ घरी वाचायचा, चुलीपाशी. चूल म्हणायची सवय. आहे तो गॅसच. स्वयंपाक करते तिने वाचायचे नाही, वाचतो त्याने कामाला उठायचे नाही, एवढा नियम. धाकटीचा मुलगा नववीत आहे. वाचायचे काम त्याच्याकडे आले. थोरलीची मुलगी नर्सिंगला शिकते. तिची ड्यूटी नसेल तेव्हा ती अवघड शब्द फोडून सांगायची. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. पण पिठाच्या हाताने ग्रंथाला शिवायचे नाही, हा नियम त्यांनी घातला आणि शेवटपर्यंत पाळायला लावला.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, हे वाचकांना माहीत आहेच. मराठी अनुवाद करणाऱ्यांमध्ये म. भि. चिटणीस होते. ते नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. म्हणजे ग्रंथ मराठीत आणणाऱ्या हातांपैकी एक हात आपल्याच गावचा. बाबासाहेबांनी हा ग्रंथ लहान लहान परिच्छेदांत लिहून प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. अभ्यासक त्याचे कारण काय सांगतात ते सांगोत, आमच्या तो फार उपयोगी पडला. कुकरची शिट्टी झाली की ‘अकरावर थांब’, भाकरी उलटली की ‘हं, बारा’. मुलाने ओट्यामागच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी कोण घरी असेल-नसेल, आकडा मात्र जागेवर असायचा.

रोहिणी नदीचे प्रकरण नेमके नळाच्या दिवशी आले. आमच्या भागात पाणी कधी सहा दिवसांनी येते, कधी आठ. २०२५ च्या पावसाळ्यात जायकवाडी भरून धरणाचे दरवाजे उघडावे लागले, पण आमच्या नळाचा वार काही बदलला नाही. त्या दिवशी सकाळी हंडे लावण्यावरून गल्लीत मोठे भांडण झाले होते. दोन बाया एकमेकींशी बोलत नव्हत्या. संध्याकाळी मुलगा वाचू लागला: शाक्य आणि कोलीय, मध्ये रोहिणी नदी, दोघांचीही शेते तिच्या पाण्यावर, आणि पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी. शाक्यांचा संघ युद्ध करायला निघतो. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ म्हणतो, आधी चौकशी करा, दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि या पाचांनी निवाडा करावा. त्याचे कोणी ऐकत नाही. पुढे त्याला घर सोडावे लागते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घराबाहेर पडला, ही परंपरेची कथा बाबासाहेबांनी मानली नाही. पाण्याचा हा तंटा त्यांनी पुढे मांडला.

वाचन ऐकायला शेजारच्या मावशी दारात बसल्या होत्या. सकाळच्या भांडणातल्या त्या एक. त्या म्हणाल्या, “म्हंजी तव्हाबी पाण्याचंच भांडण व्हतं!” मुलाने लगेच गल्लीसाठी पाच जणांची समिती सुचवली. समिती झाली नाही. पण पुढच्या वारी त्या दोघींचे हंडे एकापाठोपाठ एक लागले, एवढे आम्ही पाहिले.

एका रविवारी विहारात भन्तेजींनी धम्मपदाच्या अट्ठकथेतली आळवीची गोष्ट सांगितली. तथागत आळवी नगरीत आले. एक गरीब शेतकरी उपदेश ऐकायला निघाला, तो त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उशिरा पोचला, तेव्हा दमलेला आणि उपाशी होता. तथागत तोवर बोललेच नव्हते. वाढणाऱ्याला त्यांनी विचारले, अन्न उरले आहे का? मग त्या माणसाला बसवून पोटभर जेवू घातले आणि त्यानंतर उपदेशाला सुरुवात केली. भुकेसारखा रोग नाही, हे त्यांनी तिथे सांगितले. गोष्ट संपली तशा मागच्या ओळीतल्या एक ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भन्तेजी, मग आठ वाजता आमच्या पोटाचं काय?” सगळे हसले. वडीलधारेही हसले. त्यानंतर रविवारचे वाचन दुपारी, घरोघरच्या भाकऱ्या एकत्र खाऊन मग, असे ठरले. सहल होईल अशी शंका एक-दोघांनी घेतली. झालीही थोडी. पण सतरंजी कमी पडली.

या दुपारी खाल्लेल्या भाज्यांवर वेगळा लेख होईल. पावसाळ्याच्या सुरुवातीला मुकुंदवाडी स्टेशनच्या रुळांकडेला तरोटा उगवतो. पण तिथे सांडपाणी असते, म्हणून आम्ही तो घेत नाही. गावाकडून कोणी आले की मागवतो. फुलावर येण्याआधीचा कोवळा पाला उकडायचा, पिळायचा, मग लसणाच्या फोडणीवर थोडी डाळ घालून परतायचा. चिवळीला निवडायचा कंटाळा येतो, पण बेसन पेरून केली तर मुले मागून खातात. अंबाडीत ज्वारीच्या कण्या शिजवून वरून लसणाचे तेल. सोबत खर्डा. सव्वाशे पुरणपोळ्या लाटणाऱ्या हाताला असे काही खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. बीड, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड, कुठल्याच बाजूची बातमी चांगली नव्हती. धाकटीचे माहेर भूमकडे. तिच्या भावाचे सोयाबीन उभ्या जागी कुजले, आणि दोन रात्री फोन लागला नाही. त्या आठवड्यात गल्लीने भाकऱ्या थापल्या, चटणी कुटली, जुने पण धडके कपडे बांधले आणि ओळखीच्या टेंपोने पाठवले. खडूचा आकडा नऊ दिवस तसाच राहिला. त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

आता ज्या पुस्तकासाठी हे लिहायला बसलो ते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. लेखक धाराशिव जिल्ह्यातले, म्हणून धाकटीने ते हौसेने घेतले. आम्ही ते १४ जानेवारीला आणले होते. १९९४ साली याच तारखेला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, आणि तेव्हापासून त्या दिवशी विद्यापीठाच्या दारात पुस्तकांची दुकाने लागतात. दर साली एक पुस्तक घ्यायचे, हा घरचा रिवाज. जेवणापूर्वी म्हणायच्या नेहमीच्या श्लोकात अन्नाला जे पूर्णत्व दिले आहे, ते या पुस्तकाने नावातच नाकारले. मराठवाड्यातले महार आणि मांग समाज काय खात होते, कसे शिजवत होते, आणि त्यांना काय मिळत नव्हते, याची ही नोंद. २०१५ साली ते आले. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैल कापण्यावरही बंदी आली, म्हणजे त्यातला काही भाग तेव्हाच इतिहासजमा झाला. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवादही निघाला. आमच्याकडे मात्र जानेवारी ते ऑगस्ट ते कपाटावरच होते.

ऑगस्टमधल्या एका रात्री ग्रंथाचे वाचन आटोपल्यावर धाकटीने ते काढले आणि मोठ्याने वाचू लागली. वजडी आली, रक्ती आली, आत्याबाई डाळ निवडत ऐकत होत्या. चान्या हा शब्द आला आणि त्यांचा हात थांबला. “बास कर,” त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून उठल्या आणि न जेवता झोपल्या.

चान्या म्हणजे काय, हे या पिढीच्या वाचकांना सांगायला हवे. मेलेल्या जनावराचे मांस गावात वाटून येई. ते एकाच दिवशी संपत नसे, म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवत आणि पावसाळ्याच्या उपाशी दिवसांसाठी मडक्यात भरून ठेवत. आत्याबाई पैठण तालुक्यातल्या. लहानपणी कावळे हाकायला त्यांना त्या दोरीपाशी बसवत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावून सांगितले होते. पण निजामाच्या राज्यातल्या त्यांच्या खेड्यात ते सुटायला १९५६ ची दीक्षा यावी लागली. दीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी ते मडके गावाबाहेर नेऊन फोडले आणि घरात त्याचे नाव पुन्हा काढायचे नाही असे सांगितले. आत्याबाईंनी ते नाव जवळजवळ सत्तर वर्षे काढले नव्हते. आम्हालाही हे सारे त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी कळले.

त्या म्हणाल्या, “सोडलेली वस्तू कुणी लेकरांच्या ताटात परत वाढतं का?”

नात म्हणाली, “आजी, वाढत नाही. सांगतोय.”

मुलगा नववीतला. त्याने सरळ विचारले, “आपण ते कामून खायचो?”

“दुसरं मिळत नव्हतं म्हणून. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही सडकंवर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. ते काय आवडीनं?” मग बऱ्याच वेळाने त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अन् खोटं कशाला बोलू. लहानपणी चान्या आवडायच्याबी.”

आम्हा दोघींचे या पुस्तकावर एकमत नाही, हे कबूल केले पाहिजे. धाकटीचे म्हणणे, लिहून ठेवले हे फार चांगले झाले. लाज वाटायची तर ज्यांनी उपाशी ठेवले त्यांना वाटावी. थोरली आत्याबाईंच्या बाजूची. तिचे कारण वेगळे आहे. नवीन घरी काम धरताना तिला आधी आडनाव विचारतात. एका घरी आडनाव ऐकून ‘कळवते’ म्हणाल्या आणि कळवले नाही. धाकटीला पॅकिंग करताना कोणी आडनाव विचारत नाही, खोक्याला जात नसते. थोरली दुसऱ्याच्या मिठाला हात लावते. “हे पुस्तक आता इंग्रजीत आहे. माझ्या बाया इंग्रजीच वाचतात,” ती म्हणाली.

आणि तसेच झाले. नवरात्रात एका घरी टेबलावर ते इंग्रजी पुस्तक तिला दिसले. नाव वाचता आले नाही, पण घरातल्या कॉलेजातल्या मुलीने आपण होऊन सांगितले, मराठवाड्यातल्या जेवणावर आहे, मूळ मराठीच. मग विचारले, “मावशी, तुम्हाला येसर करता येतं का?” मुलीच्या विचारण्यात काही वाकडे नव्हते, असे थोरली स्वतःच म्हणते. तरी तिच्या तोंडून निघून गेले, “नाही, मला नाही येत.”

आमच्या घरी लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी असते. थोरलीच्या हातची तर सगळ्या भावकीत नावाजलेली.

हे तिने आम्हाला दोन दिवस सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमी होती. सकाळी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विद्यापीठामागच्या बुद्ध लेण्यांकडे वंदनेला गेलो. गर्दी दर वर्षीसारखी. येताना पायऱ्यांवर दम खायला बसलो होतो, तिथे तिने ते सांगितले. आत्याबाईंनी ऐकून घेतले. “चान्याचं विचारलं असतं अन् तू नाही म्हणाली असती तर मी काही बोलले नसते,” त्या म्हणाल्या. “येसर काय चोरीचं हाय?”

घरी आल्यावर त्यांनी नातीला वहीची मागची पाने उघडायला लावली. पुस्तकात काय लिहिले आहे ते आधी वाचून घेतले, आणि ‘हे त्यांच्याकडचं, आता आमच्याकडचं लिही’ म्हणून सांगायला बसल्या. त्या सांगत होत्या ते असे: ज्वारी दोन मापे, बाजरी एक, हरभऱ्याची डाळ एक. सगळे वेगवेगळे भाजायचे. एकत्र भाजले तर डाळ करपते आणि ज्वारी कच्ची राहते. धने अर्धे माप, ते मंद आचेवर. लाल मिरच्या देठ काढून, तेलाच्या हाताने. तेल नसले तर कोरड्याच. दगडफूल आणि खोबरे हे नंतर आले, लग्नाकार्यापुरते. रोजच्याला ते नव्हते. गार झाल्यावर दळायचे, गरम दळले तर डब्यात ओल धरते. आमटी करताना कांदा-लसूण तव्यावर भाजून वाटायचा, फोडणीवर पाणी उकळू द्यायचे. येसर थंड पाण्यात कालवूनच सोडायचे, कोरडे टाकले की गाठी झाल्या म्हणून समजा. पळीला चिकटेल इतके दाट करायचे नाही. घरात माणसे वाढली तर पाणी वाढवायचे, येसर नाही.

थोरली ओट्याला टेकून ऐकत होती. “मिठाचं सांगा,” ती म्हणाली. “मी आधी घालते, तुम्ही मागून.”

आत्याबाई सांगायला लागल्या, तेवढ्यात बाहेरून शेजारच्या मावशींची हाक आली, “नळ आला गं!” वार नव्हता, वेळही नव्हती. आम्ही सगळ्या हंडे घेऊन धावलो. वहीत ‘मीठ’ एवढाच शब्द लिहून झाला होता.